‘देवाला गौरव’ म्हणतो, पण आतून गुदगुल्या होतात

प्रश्न जालना जिल्ह्यातल्या एका तरुणाचा आहे. थोडक्यात असा: “पास्टर, सलाम. मी आमच्या चर्चच्या मंडळीत पेटी वाजवतो, गाणी घेतो, घरोघरच्या कॉटेज मीटिंगला प्रार्थनाही करतो. दिवाळीच्या आसपास एका मावशींसाठी आम्ही उपवास प्रार्थना केली. घाटीत, संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात, त्यांची ट्रीटमेंट चालू होती. त्या बऱ्या होऊन घरी आल्या. तेव्हापासून लोक माझ्याच नावाने विचारत येतात. वाढदिवसाला पोरांनी चौकात माझा फ्लेक्स लावला, त्यावर ‘देवाचा अभिषिक्त सेवक’ असं लिहिलं. मी तोंडाने ‘देवाला गौरव असो’ म्हणतो, पण खरं सांगू, आतून गुदगुल्या होतात. मग रात्री झोप लागत नाही. देवाचा गौरव मी चोरतोय का? सगळं सोडून मागे बसावं का?”

वयाने माझ्या मुलाएवढा असशील, म्हणून ‘तू’ म्हणतो. आधी सरळ उत्तर: गाणं सोडू नकोस, पेटी सोडू नकोस, प्रार्थना तर नाहीच नाही. मागे जाऊन बसलास तर आठ दिवसांत मंडळीत चर्चा होईल, ‘बघा, किती नम्र पोरगा!’ आणि त्याच्याही गुदगुल्या होतील. गर्व पुढच्या बाकावर बसतो तसा मागच्या बाकावरही बसतो.

कौतुक ऐकून बरं वाटलं, एवढ्याने चोरी होत नाही. देवानेच माणूस तसा केलाय. आईने पाठीवरून हात फिरवला की लेकराला बरं वाटतंच. चोरी त्याच्या पुढे सुरू होते. तेच कौतुक पुन्हा मिळावं म्हणून आपण काय काय करायला लागतो, आणि ते कुणाच्या वाट्याचं होतं हे ठाऊक असूनही कसे गप्प बसतो, तिथे बघायचं.

प्रेषितांची कृत्ये, बारावा अध्याय काढ. यहुदियाचा राजा हेरोद अग्रिप्पा, इ.स. 44, कैसरिया. सोर आणि सिदोन इथली माणसं त्याच्याशी समेट करायला आली होती, कारण त्यांचं धान्य ह्या राजाच्या मुलखातून येत होतं. वाचताना हे वाक्य आपण सोडून देतो. पण खुशामतीच्या मागे पोट होतं, ते हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने नेमकं टिपलंय. राजा राजवस्त्रं घालून आसनावर बसला, भाषण केलं, आणि लोक ओरडले की ही तर देववाणी आहे, माणसाची नव्हे. योसेफस ह्या यहुदी इतिहासकारानेही हाच प्रसंग लिहून ठेवलाय. त्याच्या सांगण्याप्रमाणे राजाच्या अंगावर चांदीच्या तारांचा झगा होता आणि सकाळच्या उन्हात तो झळाळत होता. लूक म्हणतो, त्याने देवाला गौरव दिला नाही. योसेफस म्हणतो, त्याने खुशामत करणाऱ्यांना अडवलं नाही. म्हणजे ‘मी देव आहे’ असं हेरोद स्वतः म्हणाल्याचं दोघांपैकी कुणीच सांगत नाही. लोक म्हणाले, आणि ह्याने ते चालू दिलं.

हे आपल्याकडे रोज होतं. कन्व्हेन्शनच्या स्टेजवर सूत्रसंचालक माईक हातात घेतो आणि ‘ज्यांच्या हातात देवाचं सामर्थ्य आहे असे’ म्हणून सुरू होतो. ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो पास्टर खाली बुटांकडे बघतो, ओठ जरा हलवतो, आणि टाळ्या संपायची वाट बघतो. त्या बुटांकडे बघण्यात काय चाललेलं असतं, ते तुलाही आता कळतंय. म्हणूनच तुला झोप लागत नाहीये. ती लागत नाही हे चांगलंच लक्षण आहे, पण फार दिवस जागूही नकोस. त्याच्याबद्दल पुढे बोलतो.

आता दोनच अध्याय पुढे जा. लुस्त्र गाव. पौल आणि बर्णबा तिथे सुवार्ता सांगत होते. पौलाने एका जन्मापासूनच्या पांगळ्याला उठवलं आणि लोकांनी ठरवलं की हे देवच माणसाच्या रूपाने खाली उतरलेत. लोक आपल्या लुकवनी बोलीत बोलत होते, त्यामुळे काय शिजतंय ते ह्या दोघांना पटकन कळलं नसावं. कळलं तेव्हा पुजारी बैल आणि फुलांच्या माळा घेऊन वेशीपर्यंत पोचला होता. मग पौल आणि बर्णबा कपडे फाडून गर्दीत घुसले आणि ओरडून म्हणाले, आम्हीही तुमच्यासारखीच माणसं आहोत. पुढे ते काय बोलले ते बघ. मोशे नाही, अब्राहाम नाही. ते पावसाबद्दल बोलले. आकाशातून पाऊस देणारा, पिकाचे हंगाम देणारा, अन्नाने तुमची मनं तृप्त करणारा तो जिवंत देव आहे, त्याच्याकडे वळा. मराठवाड्यातल्या माणसाला ह्यापेक्षा सोपं कोण सांगणार? मृग कोरडा गेला की सोयाबीनची पेरणी थांबते, आणि पाऊस कुणाच्या बापाचा नाही हे गावातल्या सर्वांत श्रीमंत माणसालाही कळतं.

आणि मग काय झालं? अंत्युखिया आणि इकुन्याहून काही माणसं आली, त्यांनी त्याच गर्दीला फिरवलं, आणि पौलाला दगडमार झाला. मेला समजून त्याला ओढत गावाबाहेर टाकलं. माळा आणि दगड एकाच गावातले. आज तुझ्या नावाने विचारत येणारी माणसं वाईट नाहीत, पण त्यांच्या ‘वा’वर तू जगायला लागलास तर त्यांच्या ‘छे’ने मरशीलही. योहानाच्या बाराव्या अध्यायात काही अधिकाऱ्यांबद्दल लिहिलंय की त्यांना देवाकडच्या गौरवापेक्षा माणसांकडचा गौरव अधिक प्रिय वाटला. त्यांनी येशूवर विश्वास ठेवला होता, हे त्याच वाक्याच्या आधी लिहिलंय. फक्त सभास्थानातून बाहेर काढतील म्हणून ते बोलले नाहीत.

तुझ्यासारख्या मुलांना मी टँकरवाल्याची गोष्ट सांगतो. दुष्काळात टँकर गावात शिरला की काय होतं ते तू पाहिलं असशील. 2016 साली लातूरला तर मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. टँकरचा हॉर्न ऐकला की बाया हंडे घेऊन धावतात, पोरं पाइपाला लोंबकळतात, सरपंच स्वतः चहा घेऊन येतो. ड्रायव्हर त्या घटकेला गावचा राजा. त्या पाण्यातला एक थेंबही त्याने केलेला नसतो. तरी त्याचं काम खोटं नाही. उन्हातान्हात, खड्ड्यांच्या रस्त्याने त्याने ते आणलेलं असतं; त्याला चहा मिळायलाच हवा. गोष्ट बिघडते ती तो पाइप कुणाच्या ड्रममध्ये आधी सोडायचा हे आपल्या मर्जीने ठरवायला लागला की. ‘ह्याने मला सलाम घातला, ह्याला आधी.’ तिथून पुढे तो पाणी वाटत नाही, आपला रुबाब वाटतो. पौलाने करिंथकरांना विचारलं होतं, जे तुला दिलेलं नाही असं तुझ्याजवळ काय आहे? तुझा गळा, तुझी पेटीवरची बोटं, ती प्रार्थना, मावशींचं बरं होणं, सगळं ह्याच खात्यातलं.

पण ‘देवाला गौरव’ हे शब्द म्हटले की हिशोब संपला, असं समजू नकोस. ह्याबाबत गिदोनाइतका चांगला धडा दुसरा नाही, आणि आपल्या उपदेशांत त्याची अर्धीच गोष्ट सांगतात. पहिली अर्धी सगळ्यांना पाठ आहे. मिद्यानी शत्रूंशी लढायला गिदोनामागे इस्राएलची 32,000 माणसं जमली, देव म्हणाला ही फार झाली, नाहीतर इस्राएल फुशारकी मारेल की आमच्याच हाताने आम्ही सुटलो. भ्याले ते 22,000 घरी गेले, 10,000 उरले. मग पाण्यावर परीक्षा झाली आणि 300 राहिले. मडकी फुटली, मशाली पेटल्या, मिद्यानी पळाले. आमेन, हालेलुया, अर्पण गोळा करा.

दुसरी अर्धी शास्ते आठव्या अध्यायात आहे. लोक गिदोनाला म्हणाले, तू आमच्यावर राज्य कर, तुझा मुलगा, तुझा नातूही करो. गिदोनाचं उत्तर अगदी भिंतीवर लिहावं असं: मी राज्य करणार नाही, माझा मुलगाही करणार नाही, परमेश्वर तुमच्यावर राज्य करील. किती सुंदर! आणि पुढच्याच वाक्यात म्हणतो, माझी एक विनंती आहे, लुटीतली कानातली मला द्या. सतराशे शेकेल सोनं जमलं, आजच्या मापाने वीस किलोच्या आसपास. त्याचं त्याने एफोद, म्हणजे याजकाचं वस्त्र, केलं आणि आपल्याच गावात, अफ्रा इथे ठेवलं. सगळा इस्राएल त्याच्या मागे लागला, आणि ते गिदोनाला आणि त्याच्या घराण्याला फास होऊन बसलं. तोंडाने गौरव देवाला दिला, सोनं घरी नेलं. गादी नको म्हणाला, पण लोकांची वाट आपल्याच दारात वळवली.

म्हणून मी एखादा सेवक काय म्हणतो हे फारसं ऐकत नाही. वाट कुणाच्या दाराला जाते ते बघतो. माईक कुणाच्या हातात राहतो, देणगीची पावती कुणाच्या नावे फाटते, पोस्टरवर येशूचं नाव केवढ्या अक्षरात आणि सेवकाचा फोटो केवढा, आजारी माणसाला ‘मंडळीत या’ सांगतात की ‘माझ्याकडे या’. ह्या चार गोष्टी बघितल्या की ‘सगळा गौरव प्रभूला’ हे वाक्य खरं की कसं, ते कळतं. मन शुद्ध आहे का ह्याचा छडा रात्रभर जागून लागत नाही. यिर्मयाने लिहूनच ठेवलंय की हृदय सगळ्यांत कपटी आहे. पण माईक, पावती, पोस्टर आणि पत्ता ह्यांची व्यवस्था माणसाला लावता येते. आधी ती लाव. मन हळूहळू मागून येतं.

पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या हंगामाच्या सणाचंच घे. उपासना झाली की वेदीपुढची ज्वारी, तूर, भोपळे, मोसंबी, अंडी अंगणात मांडतात आणि लिलाव सुरू होतो. मला हा लिलाव फार आवडतो, बाहेरच्यांना तो समजत नाही. पाय बांधलेली गावरान कोंबडी कुणीतरी उंच धरतं, बोली चढते, एक वार, दोन वार, तीन वार, आणि घेणारा ती पुन्हा मंडळीलाच देऊन टाकतो, मग तीच कोंबडी दुसऱ्यांदा विकली जाते. हशा, टाळ्या, चहा. पण कुठल्या क्षणी लिलाव बदलतो ते बघायला शीक. दोन घरं एकमेकांवर चढतात, कोंबडी हजाराच्या पुढे जाते, बोली लावणारा आता कोंबडीकडे बघतच नसतो, समोरच्या घरच्यांकडे बघत असतो. माईकवर ‘आदरणीय’ सुरू होतं. आणि सकाळीच एक म्हातारी पदरात बांधून आणलेली शेरभर तूर त्या ढिगात ओतून गेलेली असते. तिची तूर दुसऱ्यांच्या तुरीत मिसळली. ती कुणाची, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. येशू मंदिरात दानपेटीसमोर बसून कोण किती टाकतंय ते बघत होता, आणि दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी नाणी, टाकणाऱ्या विधवेबद्दल त्याने शिष्यांना जवळ बोलावून सांगितलं. तिला बोलावलं नाही. तिला बिचारीला कळलंही नसेल की आपल्याबद्दल कुणी बोललं.

ज्या मंडळ्यांत माझं चालतं तिथे मी एवढंच केलं: लिलावात नावं पुकारायची नाहीत, वस्तूची बोली पुकारायची. पैसे खजिनदाराने घ्यायचे, पावती द्यायची, हिशोब नोटीस बोर्डावर लावायचा. पहिल्या वर्षी रक्कम थोडी कमी येते, हे खरं आहे. पंचकमिटीची तोंडंही वाकडी होतात.

आता एक उलटी गोष्ट, आणि माझ्या मते तुझ्यासाठी तीच जास्त कामाची आहे. ‘देवाला गौरव दे, स्वतःला नको’ ह्याचा अर्थ आपल्याकडे बरेचदा ‘मान खाली घाल’ असा लावला जातो. मराठवाड्यातल्या आपल्या मंडळ्या कुठून आल्या ते तुला मी सांगायला नको. महारवाडा, मांगवाडा, गावकुसाबाहेरची घरं. ज्यांच्या आजोबांना पाटलाच्या ओट्यावर बसता आलं नाही, त्यांच्या नातवाला देवळात, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, नम्रतेचे धडे देताना जीभ सांभाळायला हवी. पिढ्यानपिढ्या वाकवलेल्या माणसाला ‘वाक’ म्हणणं ही काही सुवार्ता नव्हे. तुझ्या घरात चौकात फोटो लागलेला कदाचित तू पहिलाच असशील. तुझ्या आईला तो बघून काय वाटलं असेल, त्याला मी गर्व म्हणणार नाही.

लूकच्या तेराव्या अध्यायात अठरा वर्षं कुबडी झालेली एक बाई आहे, तिला मुळीच सरळ उभं राहता येत नव्हतं. येशूने तिच्यावर हात ठेवले, ती लगेच नीट उभी राहिली आणि देवाचा गौरव करू लागली. आधी कणा सरळ झाला, मग गौरव. सभास्थानाच्या अधिकाऱ्याला तो प्रकार रुचला नाही, शब्बाथाचं, म्हणजे विसाव्याच्या दिवसाचं, निमित्त काढून तो चिडला. त्या बाईचं वाकलेलं असणं त्याला सोयीचं होतं, असं मला नेहमी वाटतं. म्हणून ‘मी काय, मी तर किडा, मी तर धूळ’ असलं बोलणं मला आवडत नाही. एक तर ते बहुधा खरं नसतं. शिवाय समोरच्याला ‘नाही हो, असं कसं’ म्हणावंच लागतं, म्हणजे पुन्हा कौतुकच वसूल झालं.

कुणी म्हणालं, ‘आज गाणं छान झालं,’ तर सरळ म्हण, ‘बरं वाटलं ऐकून. ढोलकीवाल्यालाही सांगा, त्याने आज साथ चांगली दिली.’ बस. त्यात देवाचं नाव घेतलंच पाहिजे असं नाही. दर वाक्याला ‘प्रेझ द लॉर्ड’ लावून देवाचा गौरव वाढत नाही. रोमकरांस पत्राचा शेवटचा अध्याय उघड. पौल सगळा गौरव एकाच ज्ञानी देवाला देऊन पत्र संपवतो, पण त्याआधी माणसांची नावं घेत सुटतो: फिबी, प्रिस्का, अक्विला, मरिया, त्रुफैना, त्रुफासा. कुणी जीव धोक्यात घातला, कुणी कष्ट केले, सगळं नोंदवतो. त्याला कुठे वाटलं नाही की माणसांचे आभार मानले तर देवाचं काही कमी होईल.

उलट मी असं पाहिलंय की ‘सगळा गौरव देवाला’ हे वाक्य नेमकं दुसऱ्यांच्या कष्टांवर पांघरूण म्हणून वापरलं जातं. देऊळ झाडणारी बाई, तीन दिवस कन्व्हेन्शनचा स्वयंपाक करणाऱ्या बहिणी, रात्रभर मांडव राखणारी पोरं. त्यांचं नाव घ्यायची वेळ आली की ‘देव बघतोय, स्वर्गात प्रतिफळ आहे,’ आणि पाहुण्या वक्त्याला मात्र शाल, श्रीफळ आणि पाकीट इथेच, लगेच. सत्कार बंद करायचा तर पहिल्यांदा स्टेजवरच्यांचा करा, चुलीपुढच्यांचा नंतर बघू.

मावशींच्या बरं होण्याबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. त्यांची साक्ष होईल तेव्हा घाटीतल्या डॉक्टरांचं, सिस्टरांचं, रात्री बाकड्यावर झोपलेल्या त्यांच्या सुनेचंही नाव आलं पाहिजे. डॉक्टरला वगळून देवाला गौरव देता येत नाही. खोट्या साक्षीने देवाचा गौरव होत नाही, अर्धवट साक्षीनेही नाही. औषधाला गुण देणाराही तोच आहे. ‘प्रार्थनेने बरे झाले, गोळ्या फेकून दिल्या’ असल्या साक्षींवर टाळ्या पडतात आणि दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी आपल्या बीपीच्या, शुगरच्या गोळ्या बंद करतं. त्याचं काय होतं ते आम्हाला कबरस्तानात बघावं लागतं. शिवाय 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तथाकथित चमत्काराच्या नावाने पैसा कमावणं, लोकांना फसवणं ह्याला त्यात शिक्षा आहे, आणि तो असायलाच हवा.

ह्याच्या आत अजून एक गोष्ट दडली आहे. आज मावशी बऱ्या झाल्या त्याचं श्रेय तू थोडंसं जरी खिशात टाकलंस, तर उद्या ज्याच्यासाठी प्रार्थना केलीस आणि जो गेला, त्याचं काय करशील? श्रेय तुझं असेल तर दोषही तुझाच असायला हवा. तो तर कुणी घेत नाही. मग तो त्या मेलेल्या माणसाच्या नाहीतर त्याच्या बायकोच्या ‘कमी विश्वासा’वर ढकलला जातो. तरुण नवऱ्याची माती करून आलेल्या बाईला ‘ताई, विश्वास कमी पडला’ असं सांगणारे मी पाहिलेत. स्वतःला गौरव घेण्याचं बिल शेवटी असं तिसऱ्याच माणसाला भरावं लागतं. येशूचा शिष्य पेत्र ह्याने मंदिराच्या दारातल्या पांगळ्याला उठवलं तेव्हा लोकांना पहिलं काय विचारलं? आमच्याकडे टक लावून का बघता, जणू आमच्या सामर्थ्याने किंवा भक्तीने ह्याला चालायला लावलंय? ‘भक्तीने’ हा शब्द पुन्हा वाच. सामर्थ्य आपलं नाही हे आपण पटकन म्हणतो. ‘पण उपवास आम्ही केला होता हो’ हे मात्र कुठेतरी राहतंच.

व्यवस्थेच्या दोन-चार गोष्टी आता पटापट सांगतो, त्यांच्यावर फार बोलायला नको. आजाऱ्याच्या घरी एकटा जाऊ नकोस, दोघं-तिघं जा, त्यात एक बहीण असू दे, आणि दर वेळी मोठ्याने प्रार्थना करणारा वेगळा असू दे. म्हणजे ‘कुणाच्या प्रार्थनेने’ हा प्रश्नच उरत नाही. पैसे हातात घेऊ नकोस, अगदी पेट्रोलचेही. मंडळीच्या खात्यातून घे. पेटी शिकायला दोन पोरं धर आणि महिन्यातला एक रविवार त्यांच्या ताब्यात दे, त्या दिवशी तू खाली बसून गा. ती तुझ्यापेक्षा बरी वाजवायला लागली की पोटात जे दुखेल, ते दुखू दे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिष्य असंच पोट दुखून त्याच्याकडे आले होते, सगळे आता येशूकडेच जातात म्हणून. तो म्हणाला, “त्याची वृद्धी व्हावी व माझा ऱ्हास व्हावा हे अवश्य आहे.” त्याच्या आधीच्याच वाक्यात तो म्हणतो की माझा आनंद पूर्ण झाला आहे. हे तो रडत म्हणाला नाही. आणि अधूनमधून असं काहीतरी कर जे कुणाला कधीच कळणार नाही. कुणाची फी भर, कुणाचं किराणा बिल चुकतं कर, आणि स्टेटसला ठेवू नकोस.

तू म्हणशील, मग डोंगरावरच्या उपदेशात एकीकडे ‘तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या’ आणि दुसरीकडे ‘उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये’, हे कसं? दोन्ही वाक्यं नीट वाच. पहिल्यात लोकांनी तुमची कृत्यं बघून स्वर्गातल्या पित्याचा गौरव करावा असं आहे. दुसऱ्यात लोकांनी आपल्याला बघावं म्हणून करू नका असं आहे. मंडळीचं दवाखान्याचं काम, शाळा, दुष्काळातली चारा छावणी हे दिसणारच, लपवायचं कशाला? पण त्या छावणीच्या दारावर कुणाचा फोटो आहे, ते बघ.

आता झोपेचं. रोज रात्री ‘मी गर्विष्ठ झालो का’ म्हणून मन उकरत बसलास, तर दिवसभर लोक तुझ्याकडे बघणार आणि रात्रभर तूच तुझ्याकडे बघणार. देवाकडे बघायचं कुणी? आपल्या जालना भागात सुवार्ता आणणारे बरेच जण स्कॉटिश मिशनचे होते. रेव्हरंड नारायण शेषाद्री त्यांच्यातलेच, मूळचे ब्राह्मण, 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले. निजामाचे दिवाण सालारजंग ह्यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ ख्रिस्ती लोकांसाठी गाव वसवलं आणि त्याचं नाव ठेवलं बेथेल, याकोबाला जिथे शिडीचं स्वप्न पडलं ते. आजकाल दहा बाय दहाच्या प्रार्थनागृहालाही संस्थापकाचं आडनाव असतं, म्हणून आठवलं. तर ह्या स्कॉटिश मंडळींच्या परंपरेत 1647 सालची एक प्रश्नोत्तरी आहे, लेकरांना पाठ करायला लावत. तिचा पहिलाच प्रश्न, माणसाच्या जगण्याचा मुख्य हेतू कोणता? उत्तर, देवाचा गौरव करणं आणि सर्वकाळ त्याच्यात आनंद मानणं. उत्तराचा दुसरा भाग विसरला की पहिला ओझं होतो. तुझ्या चिठ्ठीत चोरी आहे, भीती आहे, फ्लेक्स आहे. गाताना तुला देवाबद्दल काय वाटतं ते एका ओळीतही नाही. पुढच्या वेळी मला ते लिही.

बाहत्तर शिष्य भुतं काढून परत आले तेव्हा उड्याच मारत होते. येशूने त्यांना झापलं नाही. म्हणाला, भुतं तुम्हाला वश होतात म्हणून आनंद करू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिली आहेत म्हणून करा. तेही आनंदच करायचा म्हणाला, जागा फक्त बदलली. ती जागा अशी आहे की आवाज गेला, पेटीवरची बोटं आखडली, लोकांनी विचारणं सोडलं, तरी तिथून कुणी उठवत नाही.

फ्लेक्स अजून चौकात असेल तर पोरांना घेऊन स्वतः उतरव. त्यांना रागावू नकोस, त्यांनी वर्गणी काढून प्रेमाने लावला. चहा पाज आणि सांग की पुढच्या वर्षी एवढ्याच पैशांत ऊसतोडीला गेलेल्या घरांतल्या, गावात आजीजवळ राहिलेल्या लेकरांना वह्या घेऊ, आणि त्या कुणी दिल्या ते वहीवर छापायचं नाही. ‘अभिषिक्त’ वगैरे शब्द छापायच्या आधी पाळकसाहेबांना विचारायचं, हेही सांग.

आणि मावशींची साक्ष लावायच्या आधी एकदा त्यांच्या घरी जाऊन घाटीची फाइल बघ. दाखवायची पुढची तारीख कधीची आहे, गोळ्या किती दिवसांच्या उरल्या आहेत ते विचार. सुनेला रोजंदारी बुडवून जाणं जमणार नसेल तर त्या दिवशी सकाळच्या एसटीने तू त्यांच्यासोबत जा, केस पेपरच्या रांगेत उभा राहा.